रोज एक जानेवारी

सोसायटीचं शटर मी साडेनऊला उचलते
आणि दहाला दहा मिनिटं असताना
आमच्याकडे एक जानेवारी दोन हजार दोन उजाडते.
रोज.

म्हणजे, उजाडली तर.
आधी आतला पंखा फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो,
म्हातारं माणूस खाटेवरून उठताना
हात टेकून एकदा परत बसतं ना, तसा.
मग आवाज : एक लांब, दोन आखूड.
पडदा काळाच.
त्या काळ्यात माझं तोंड
आणि माझ्यामागे बाकावर चार मेंबर.

टिकाराम मांढरे म्हणतात, "हान त्याले एक कानाखाली."
अध्यक्ष म्हणतात, नवीन घेऊ, ठराव टाइप करा.
कशावर, ते सांगत नाहीत.
सयत्राबाई घमेल्यातली बोटरी
ओल्या गोणपाटानं झाकत म्हणते,
"पावती दे वो पोरी,
मासोळी काही तारीख पाहून सडत नाई."

तारीख पाहिली ती ऑडिटरनं.
त्यांच्या हिशेबानं आम्ही
एका दिवसात एकशे बारा क्विंटल रोहू-कतला विकला,
तोही सोसायटी नोंदवायच्या तीन वर्षं आधी.
चष्मा पुसत म्हणाले, "केवढा हो तुमचा तलाव!"

साकोलीचा पोरगा नुसतं पाहायचे तीनशे घेतो,
म्हणून मीच स्क्रू काढले.
आत धूळ, पालीच्या अंड्यांची दोन टरफलं
आणि एक जास्तीचा स्क्रू, जो तिथला नव्हताच.
बाकी सगळं हिरवं, शांत.
शेवाळलेल्या बोडीत वाकून पाहावं
आणि तळ कुठे ते कळू नये, असं.

फागोजी बाकावरून उठले.
जाळी विणतात. सहीच्या जागी अंगठा देतात.
"भोक शोधू नको, बाई.
शोधल्यानं भोक सापडत नाई.
गाठ गाठ धरून चाल."

मग गाठ गाठ.
प्रिंटर काढला, माउस काढला, प्रत्येक वायर
उपटून पुन्हा तिच्याच बिळात घातली.
मेमरीची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात
नातीच्या खोडरबरानं घासले फागोजींनी,
फुंकर मारायला गेले, मी हात आडवा धरला,
"थुंकी उडते जी."
बटनाएवढा सेल लाखनीच्या घड्याळवाल्याकडून आणला,
चाळीस रुपये, पावतीसकट.

तारीख आली. खरी, चालू वर्षाची.
पण दुसऱ्या दिवशी पुन्हा
एक लांब, दोन आखूड,
आणि टिकाराम बाह्या सरसावून उभे.

फागोजी मात्र तीन दिवस नुसते बसून राहिले,
डोळे मिटून, सूत चाचपताना मिटतात तसे.
आम्हाला वाटलं, झोपतात.
चौथ्या दिवशी म्हणाले,
"पयले राइसमिल खोकलते, मंग हे."

बल्बकडे पाहिलं.
वळणावरच्या मिलचा पट्टा चढला
की तो हळदीसारखा पिवळा होतो. साडेनऊला.
इतकी वर्षं डोक्यावर लोंबत होता
आणि आम्ही डबडं ठोकत होतो.
युपीएस? तो कधीचाच नुसता स्टूल झाला आहे,
त्यावर सयत्राबाई बसते.

आता शटर मी नऊला उचलते.
मिल जागी व्हायच्या आत यंत्र जागं होतं,
एकदा जागं झालं की मग
बल्ब पिवळा पडो, टिकाराम लाल होवोत, चालत राहतं.
बाकावर कुणी थांबत नाही, पावती घेतात, जातात.
घमेल्यांखालचा ओला गोल तेवढा फरशीवर वाळत राहतो.

फागोजी तेवढे अजून येतात,
काम नसलं तरी.
बटन दाबायच्या आधी माझा हात धरून थांबवतात,
कान पेटीला लावतात.

एक आखूड.
फक्त एक.

"हं," म्हणतात,
आणि पायरीवर जाऊन
फाटकं जाळं मांडीवर घेतात.